विमानप्रवास आणि हवामान : फ्रान्समधील एका कायद्यावरून घ्यावयाचा पाठ

खेड्यातील मुलाला विमानाची ओळख बहुधा आकाशात उमटलेल्या पांढऱ्या रेघेच्या रूपाने होते. वर्गातील बहुतेक मुलांनी, किंबहुना त्यांच्या पालकांनीही, विमानात कधी पाऊल ठेवलेले नसते. अशा स्थितीत विमानप्रवासाचा हवामानावर होणारा परिणाम आणि तो कमी करण्यासाठी सरकारांनी आखलेली धोरणे हा विषय ग्रामीण शाळेत कशासाठी शिकवावा, अशी शंका शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

शंकेचे उत्तर विषयाच्या स्वरूपातच आहे. एखाद्याच्या चुलीचा धूर त्याच्याच घरात कोंडतो. विमानातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मात्र साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो व शेकडो वर्षे तेथे राहतो. त्यामुळे प्रवास एकाने करावा आणि त्याच्या परिणामाचा वाटा दुसऱ्याने उचलावा, असा प्रकार घडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ या वर्षी जगातील फार तर ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला होता, आणि प्रवासी विमानांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वाटा जगातील केवळ एक टक्का लोकांचा होता. उरलेल्या बहुसंख्यांत आपल्या शाळांतील मुलेही येतात. तेव्हा हा विषय त्यांचा नाही असे म्हणता येणार नाही.

पुढे दिलेली मांडणी सातवी-आठवीच्या वर्गांसाठी असून विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र व गणित या चारही विषयांशी तिचा सांधा जुळतो. दोन तासिकांत हा पाठ सुखाने पूर्ण होईल.

पाठाचे हेतू

१. इंधन जळताना कार्बन डायऑक्साइड कसा व किती निर्माण होतो, हे विद्यार्थ्यांना हिशेबाने समजावे.
२. अशा प्रश्नात राज्याच्या हाती कोणकोणती साधने असतात, याची त्यांना ओळख व्हावी.
३. कोणताही कायदा पारखताना विचारावयाचे तीन प्रश्न त्यांच्या मनात रुजावेत : या कायद्याने खरोखर काय बदलले? त्याचा भार कोणावर पडला? ज्याला मनाई केली त्याच्या जागी दुसरी सोय होती काय?

यांपैकी तिसरा हेतू मुख्य समजावा. पहिले दोन त्याच्या पूर्वतयारीदाखल आहेत.

विषयप्रवेश

दिवा, चूल, मोटारसायकल, शेतातील डिझेल पंप यांत काय जळते, असे विचारून प्रारंभ करावा. विमानातही एक प्रकारचे रॉकेलच जळते, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. विमानाचे इंधन हे अधिक शुद्ध केलेले व कडाक्याच्या थंडीतही न गोठणारे रॉकेल होय.

त्यानंतर पुढील कोडे घालावे. एक किलो विमान-इंधन जळाल्यावर सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोतून तीन किलोंहून अधिक वजन कोठून आले? पुष्कळ मुले प्रथम हा आकडाच चुकीचा ठरवतील. त्यांना तसे म्हणू द्यावे. मग सांगावे की, इंधनातील कार्बनचा प्रत्येक अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू आपल्याकडे ओढून घेतो. कार्बनचे अणुभार १२ आणि ऑक्सिजनचे १६ धरल्यास १२ भाग कार्बनपासून ४४ भाग वायू होतो. वाढलेले वजन हवेतून आलेले असते.

यावर एक सोपे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत, हे मुलांना आधी सांगावे. समजा, १५० आसनांच्या एका विमानाने एका फेरीत २,४०० किलो इंधन जाळले. विमानात १२० प्रवासी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० किलो इंधन, म्हणजे ६३ किलोंच्या वर वायू येतो. सर्व आसने भरली असतील, तर तोच वाटा १६ किलो इंधन व सुमारे ५०.५ किलो वायू इतका उतरतो. विमान तेच आणि मार्गही तोच असताना दर माणशी हिशेब का बदलला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

आकाशातील पांढऱ्या रेघेकडेही येथे लक्ष वेधावे. उंचावरील अतिशय थंड हवेत विमानाच्या धुरातील वाफ गोठून हिमकण होतात. ती रेघ या हिमकणांची असते. हवेत आर्द्रता पुरेशी असेल तर ती पसरून विरळ ढगासारखी होते आणि पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता काही प्रमाणात अडवून धरते. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे अडीच टक्के विमानांतून येतो. परंतु या रेघा व इतर परिणाम जमेस धरता मानवनिर्मित तापमानवाढीतील विमानवाहतुकीचा वाटा सुमारे साडेतीन टक्के भरतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

विषयविवेचन

(अ) हा प्रश्न कठीण का?

मोटारीच्या पेट्रोलवर प्रत्येक देश कर बसवू शकतो. विमान मात्र एका देशात इंधन भरते, दुसऱ्यावरून उडते व तिसऱ्यात उतरते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा करार झाला. दुसऱ्या देशातून आलेल्या विमानाच्या टाकीत असलेल्या इंधनावर उतरल्या देशाने जकात घेऊ नये, असे त्यात ठरले. पुढे देशादेशांतील परस्पर करारांनी ही सवलत अधिक विस्तृत केली. तरुण व्यवसायाला हातभार लावण्याचा हेतू त्या काळी योग्यच होता. परंतु व्यवसाय प्रौढ झाला तरी सवलत तशीच राहिली. १९९७ च्या क्योटो करारातही आंतरराष्ट्रीय विमानांच्या धुराचा प्रश्न मॉन्ट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे सोपविण्यात आला.

या संघटनेने २०१६ साली एक योजना स्वीकारली. तीनुसार ठरावीक मर्यादेहून अधिक झालेल्या वायूच्या भरपाईसाठी विमान कंपन्यांनी अन्यत्र वायू कमी करणाऱ्या कामांना पैसा द्यावयाचा आहे. आरंभीचे टप्पे ऐच्छिक ठेवण्यात आले. बंधनकारक टप्प्याचे पहिले वर्ष २०२७ असून भारतही त्याच टप्प्यापासून तीत येतो. देशांतर्गत उड्डाणे मात्र या योजनेबाहेर आहेत. त्यांची जबाबदारी ज्या त्या सरकारचीच होय. यामुळेच एका देशाने आपल्या देशांतर्गत उड्डाणांविषयी काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

(आ) फ्रान्सचे उदाहरण

युरोप खंडाच्या पश्चिमेकडील फ्रान्स हा देश नकाशावर दाखवावा आणि पॅरिस, लियों, नांत व बोर्दो ही चार शहरे विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावीत.

कथेचा आरंभ विमानतळावर नव्हे, खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर होतो. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये मोटारींच्या इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. आंदोलकांनी अंगात पिवळी जाकिटे घातलेली असल्यामुळे ते त्याच नावाने ओळखले गेले. त्यांत लहान गावांतील व शहरांबाहेरच्या वस्त्यांतील लोक पुष्कळ होते. कामावर जाण्यास त्यांना मोटारीवाचून दुसरे साधन नव्हते. हवामानासाठी कर द्या असे आम्हांस सांगता, मग विमानाच्या इंधनाला सूट का, हा त्यांचा एक सवाल होता. ग्रामीण शिक्षकांना या सवालातील धार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

सरकारने करवाढ मागे घेतली. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून निवडावे त्याप्रमाणे १५० सामान्य नागरिकांची एक परिषद नेमण्यात आली. ऑक्टोबर २०१९ पासून जून २०२० पर्यंत या परिषदेने तज्ज्ञांची मते ऐकली, चर्चा केली आणि आपल्या सूचना सादर केल्या. जेथे आगगाडीने चार तासांच्या आत पोहोचता येते, तेथील देशांतर्गत विमाने बंद करावीत, ही त्यांतील एक सूचना होती.

२२ ऑगस्ट २०२१ रोजी हवामानविषयक कायदा झाला तेव्हा चार तासांचे अडीच तास झाले होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार या बंदीला युरोपीय आयोगाची संमती आवश्यक होती. फ्रान्सने आठ मार्ग सुचविले. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने त्यांपैकी तीनच मान्य केले. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, लियों व बोर्दो येथे जाणारे हे तीन मार्ग होत. मे २०२३ मध्ये त्याविषयीचा शासकीय आदेश तीन वर्षांच्या मुदतीसाठी निघाला.

आदेशातील अटी मुलांना अवश्य सांगाव्यात, कारण कायद्याचा न्याय तपशिलात असतो. दोन शहरांमध्ये गाडी न बदलता अडीच तासांच्या आत पोहोचविणारी आगगाडी असली पाहिजे. दिवसात तिच्या पुरेशा फेऱ्या असल्या पाहिजेत. सकाळी निघालेल्या माणसाला त्या गावी आठ तासांहून अधिक वेळ मिळून त्याच दिवशी परतता आले पाहिजे. या अटी पुऱ्या होत असतील तरच विमान बंद.

(इ) खरोखर काय बदलले?

येथे शिक्षकाने घाई करू नये. जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘फ्रान्सने जवळच्या अंतराची विमाने बंद केली’ असे मथळे झळकले. वस्तुस्थिती अधिक मर्यादित होती. २०२० च्या साथीत एअर फ्रान्स या कंपनीला सरकारने सात अब्ज युरोंचे साहाय्य दिले, तेव्हाच या प्रकारची उड्डाणे थांबविण्याची अट घातली होती. त्यामुळे हे तीन मार्ग कायदा अमलात येण्यापूर्वीच बंद पडले होते. कायद्याने त्या जागी दुसऱ्या कंपनीला येण्यास मज्जाव केला, हे त्याचे खरे कार्य. पॅरिसच्याच शार्ल द गोल या मोठ्या विमानतळावरून परदेशी विमाने पकडण्यासाठी होणारी उड्डाणे चालू राहिली. धनिकांची खाजगी विमानेही बंदीच्या बाहेर राहिली, कारण बंदी नियमित प्रवासी सेवांना होती. लांब पल्ल्याची उड्डाणे सर्वाधिक इंधन जाळतात. त्यांना या कायद्याचा स्पर्शही झाला नाही.

मग हा कायदा निरर्थक होता काय? तसे म्हणणे हाही उतावीळपणाच होईल. लोकांच्या सोयीला धक्का न लावता विमानाची फेरी बंद करता येते, हे तत्त्व एका मोठ्या देशाने प्रथमच कायद्यात लिहिले. परंतु त्यामागील कारण कायद्याहून जुने आहे. पॅरिस व लियोंमधील अतिवेगवान लोहमार्गाचा पहिला भाग १९८१ साली सुरू झाला आणि १९८३ मध्ये मार्ग पूर्ण झाल्यावर हा प्रवास दोन तासांवर आला. बोर्दोचा प्रवास २०१७ च्या जुलैत नवा मार्ग खुला झाल्यावर दोन तास चार मिनिटांवर आला. नांतलाही साधारण दोन तासांत जाता येते. म्हणजे कायद्याचा कागद २०२१ चा असला, तरी त्याचा पाया चाळीस वर्षांपूर्वी रूळ टाकणाऱ्या कामगारांनी घातला होता. जेथे रूळ पोहोचले नव्हते, तेथे कायदाही पोहोचू शकला नाही.

पिवळ्या जाकिटांचे आंदोलन आणि हा कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या प्रसंगी पर्याय नसलेल्यांवर भार टाकला गेला आणि समाज पेटला. दुसऱ्या प्रसंगी पर्याय आधी उभा होता. त्यामुळे सामान्य प्रवाशाची फारशी अडचण झाली नाही. या तुलनेतच पाठाचे सार आहे.

(ई) राज्याची इतर साधने

बंदी हे एकच साधन नव्हे. दुसरे साधन कराचे. स्वीडनने १ एप्रिल २०१८ पासून विमानप्रवासावर कर बसविला. सरकार बदलल्यावर १ जुलै २०२५ पासून तो रद्द झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात फ्रान्सने आपला तिकिटावरील कर वाढविला. युरोपातील साध्या वर्गाच्या तिकिटावर तो २.६३ युरोंवरून ७.४० युरो झाला. एक देश कर काढतो व दुसरा वाढवितो, यावरून लोकमताचे बळ दिसून येते.

तिसरे साधन इंधन बदलण्याचे. वनस्पती, टाकाऊ तेल इत्यादींपासून केलेले इंधन नेहमीच्या इंधनात मिसळावयाचे. युरोपीय संघाने २०२५ पासून दोन टक्के, २०३० पासून सहा टक्के आणि २०५० पासून सत्तर टक्के मिश्रण बंधनकारक केले आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का व २०२८ मध्ये दोन टक्के असे उद्दिष्ट ठेवले आहे.

या साधनाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात असे स्वदेशी मिश्र इंधन वापरण्यात आले होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने ते तयार केले होते व त्याचे मूळ होते उसाची मळी. ऊस पट्ट्यातील मुलांना मळी ठाऊक असते. तिच्यापासून विमान उडते हे ऐकून त्यांना अभिमान वाटेल, आणि वाटावा. मात्र त्यासोबत एक प्रश्नही ठेवावा : ऊस पाण्यावर येतो, विमानांसाठी उसाची मागणी वाढत गेली, तर विहिरीच्या पाण्याचे काय? उत्तर एका वाक्यात देण्याची गरज नाही. प्रत्येक साधनाला स्वतःचा खर्च असतो, एवढे समजले तरी पुरे.

उपयोजन

फ्रान्सचा नियम भारतात जसाच्या तसा लावता येईल काय, यावर वर्गात चर्चा घ्यावी. मुंबई ते अहमदाबाद हे उदाहरण सोयीचे आहे. तेथील वंदे भारत गाडीला सुमारे साडेपाच तास लागतात. म्हणजे अडीच तासांच्या नियमात हा मार्ग बसत नाही. ज्याचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले, तो ५०८ किलोमीटरचा अतिवेगवान लोहमार्ग पूर्ण झाल्यावर हा प्रवास दोन-तीन तासांत व्हावा अशी योजना आहे. तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारता येईल.

आणखी एक भेद लक्षात आणून द्यावा. फ्रान्समधील विजेचा फार मोठा भाग अणुशक्तीपासून मिळतो. त्यामुळे तेथील विजेच्या गाडीमागे वायू नाममात्र निघतो. भारतात विजेचा सर्वांत मोठा भाग अद्याप कोळशापासून येतो. तरीही भरलेल्या आगगाडीत दर प्रवाशामागे पडणारा वायू विमानापेक्षा कमीच असतो. पण फ्रान्सइतका लाभ आज येथे होणार नाही. दुसऱ्याचे धोरण घेताना त्याची परिस्थितीही तपासावी लागते, हा धडा यातून मिळतो.

फलकलेखन

साधन : बंदी – कर – इंधनबदल.
कसोटी : काय बदलले? – भार कोणावर? – पर्याय आहे काय?
निष्कर्ष : आधी सोय, मग मनाई.

स्वाध्याय

१. एका विमानाने १,५०० किलो इंधन जाळले. किती किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण झाला? प्रवासी १०० असल्यास दर माणशी किती?
२. नागरिकांच्या परिषदेने चार तास सुचविले, कायद्यात अडीच तास आले. मर्यादा चार तासांचीच राहिली असती, तर कोणाला लाभ व कोणाला अडचण झाली असती? प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
३. आपल्या गावातून तालुक्याच्या ठिकाणी जाण्याची साधने व त्यांच्या वेळा यांचा तक्ता करा. खाजगी वाहने कमी व्हावीत असे ग्रामपंचायतीला वाटल्यास तिने प्रथम काय करावे?

तिसऱ्या प्रश्नाला शिक्षकांनी विशेष महत्त्व द्यावे. पॅरिस व लियोंची गोष्ट मुलांच्या अनुभवात उतरते ती येथे. सकाळची एकच बस असलेल्या गावात मोटारसायकलींना नावे ठेवून काही साधत नाही, हे मुले आपणहून सांगतील. आणि तसे सांगता आले म्हणजे फ्रान्सचा कायदा त्यांना समजला असे मानण्यास हरकत नाही.

शिक्षकांसाठी दोन सूचना

हा पाठ शिकविताना दोन टोके टाळावीत. विमानात बसणे हे पाप आहे, असा संस्कार होऊ देऊ नये. याच वर्गातील एखादी मुलगी उद्या वैमानिक होईल, एखाद्या मुलाला उपचारासाठी वा शिक्षणासाठी दूरदेशी जावे लागेल; त्यांच्या स्वप्नांवर अपराधाची सावली टाकणे हे शिक्षणाचे काम नव्हे. त्याचबरोबर सरकारने कायदा केला म्हणजे प्रश्न सुटला, असे खोटे समाधानही देऊ नये. फ्रान्सच्या तीन मार्गांनी जगाचे हवामान सावरलेले नाही, हे मुलांना स्पष्टपणे सांगावे.

मुलांना खरे सांगितल्याने ती निराश होतात, अशी भीती काही शिक्षकांना वाटते. अनुभव बहुधा याच्या उलट असतो. कोठे किती झाले आणि किती राहिले, हे आकड्यांनिशी कळले, म्हणजे उरलेले काम हे आपलेही काम आहे, असे त्यांना वाटू लागते. उद्याचे मतदार, अभियंते, सरपंच आणि प्रवासी याच बाकांवर बसले आहेत. मनाईचा कागद लिहिण्यापूर्वी रस्ता बांधावा लागतो, एवढी एक गोष्ट त्यांच्या मनात ठसली, तरी या दोन तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.